शनिवारी मोतीला घेऊन जेवायला – कुणी गेलंय का?

बी-४०२: शनिवारी आमच्या लग्नाला १० वर्षं होतायत. मोतीला घरी एकटा ठेवून जायला मन होत नाही. कोरेगाव पार्क, कल्याणीनगरकडे कुत्र्यांना येऊ देणारी ठिकाणं आहेत ना? साधंसंच हवं, बिअर आणि जेवण. कुणाचा अनुभव?

सी-१०१: अभिनंदन वहिनी! आधी फोन करून नीट विचारा. आम्हाला "हो, आणा" म्हणाले आणि गेल्यावर कळलं, फक्त बाहेरच्या टेबलांवर. मे महिना, भर दुपार. फरशी इतकी तापलेली की सिंबा पाय टेकवेना. तसेच परत आलो.

ए-३०४: आपला तळहात उलटा करून फरशीवर ७ सेकंद ठेवून बघायचा. आपल्याला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. कुत्र्यांना घाम फक्त पंजांतून, तोही थोडासा. बाकी सगळं धापा टाकूनच. उन्हं उतरल्यावरच जा.

ए-७०१: स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जेवणाच्या जागी कुत्रा मला पटत नाही. माझ्या नातीला लहानपणी चावा बसला होता, ५ इंजेक्शनं घ्यावी लागली. शेजारच्या टेबलाशी कुत्रा दिसला की ती अजूनही पाय वर घेऊन बसते.

बी-४०२: काका, राग कसला. तिची भीती खरीच आहे. मोतीची रेबीजची लस दर वर्षी होते, महापालिकेचा परवानाही काढलाय. पण समोरच्या घाबरलेल्या मुलीला त्याचं काय? कडेचंच टेबल मागते. पट्टा हातातून सोडणार नाही.

डी-२०५: ताई, आम्ही ६ वर्षं आमच्या राणीला नेतोय, म्हणून सविस्तर लिहिते. निघण्याआधी तासभर फिरवून आणा आणि घरीच जेवू घाला. पोट भरलेला, दमलेला कुत्रा टेबलाखाली झोपतो. त्याची रोजची सतरंजी न्या, वास ओळखीचा असला की बसतो. पट्टा खुर्चीला बांधू नका, दचकला तर खुर्चीसकट पळेल. वेटर गरम सिझलर घेऊन जातात त्या वाटेवर तर बसूच नका.

ताटातलं काही देऊ नका. ग्रेव्हीतल्या कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. तंदुरीची हाडं शिजल्यामुळे टोकदार तुटतात, आतडं फाटू शकतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नाही. आणि बिअर! फोटोसाठी कुत्र्याला ग्लास चाटवणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. दारू त्यांना विष आहे. कुणी गमतीत पुढे केली तर सरळ हात धरा.

सगळ्यात जास्त त्रास आवाजाचा. आपल्याला ऐकूच न येणारे बारीक आवाज त्यांना ऐकू येतात, त्यात स्पीकरजवळ टेबल म्हणजे छळ. सारख्या जांभया, ओठ चाटणं, शेपूट पायांत, असं दिसलं की बिल मागवा. ताट अर्धं राहिलं तर राहू दे, बांधून मिळतं.

सी-१०१: म्हणून मला गोव्यातले शॅक आवडतात. वाळूत, उघड्यावर. गावातली कुत्रीही टेबलाखाली निवांत पडलेली असतात.

बी-४०२: आत्ता फोन केला. ९ ला गाणी सुरू होतात म्हणाले, म्हणून ७ ते साडेआठ घेतलंय, बाहेर भिंतीकडेचं टेबल. पाण्याचं भांडं ते देतात, पण घरचंच नेते. दहा कुत्र्यांनी प्यायलेल्या भांड्यातून खोकला लागतो.

ए-७०१: निघण्याआधी केस नीट विंचरून घ्या त्याचे. आणि दोघांना शुभेच्छा.