शब्दचर्चा: ‘गाडी बसवणे’, ‘कलम’ आणि रेस्टोमॉडला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादिका
जुन्या पिकअप ट्रकला आजचं इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन चढवण्याची एक हस्तपुस्तिका मराठीत आणते आहे. गाडी शेव्हरोले सी-१०, १९६७ ते १९७२ मधल्या घडणीची. दोन ठिकाणी अडले आहे.
एक. ‘गाडी मागून सहा इंच बसवल्यावर चेसीला खाच घ्यावीच लागते’ या माझ्या वाक्याशेजारी तपासणाऱ्यांनी लिहिलं, ‘गाडी कशात बसवल्यावर?’ त्याच पानावर ‘इंजिन बसवणे’, ‘पंप बसवणे’ चारदा आलंय, त्यामुळे शंका रास्त वाटते. पण कारागीर ‘गाडी बसवली’ असंच म्हणतात ना?
दोन. ‘रेस्टोमॉड’साठी (वरून जुनी गाडी, आत आजची यंत्रणा) मी पुस्तकभर ‘जीर्णोद्धार’ वापरलाय. चालेल का?

गुणिया
जीर्णोद्धार नको. मूळची सहा सिलिंडरची मोटर, मूळचे ड्रम ब्रेक, मूळचा रंग, बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा मूळची, असं सगळं जागेवर आणणं हा जीर्णोद्धार. रेस्टोमॉडमध्ये पत्रा तेवढा १९६९चा राहतो, खालचं सगळं बदलतं. दोन्हींना एकच शब्द दिला तर वाचक पहिल्याच प्रकरणात गोंधळेल.

ओळंबा
असहमत. जीर्णोद्धारात देऊळ तेच राहतं, पण दगड बदलतात, गिलावा बदलतो, कळसही नवा येतो. ‘जसंच्या तसं’ असलं वचन त्या शब्दाने कधी दिलेलं नाही. जे जीर्ण झालंय ते उभं करणं, इतकाच त्याचा अर्थ. जसंच्या तसं म्हणायचं असेल तर ‘मुळाबरहुकूम दुरुस्ती’ म्हणा, म्हणजे जीर्णोद्धार रेस्टोमॉडसाठी मोकळा राहील.

गुणिया
‘बरहुकूम’ फारसी आहे. शुद्ध शब्दाची बाजू घेता घेता तुम्ही आम्हाला तिकडे नेलंत.

ओळंबा
फारसी असला तरी मराठीत मुरलेला आहे. माझा आक्षेप न मुरलेल्या शब्दांना आहे.

तेलपाणी
आधी ‘बसवणे’ बघू, कारण चूक वाचली तर लोखंड कापलं जाणार आहे. गॅरेजमध्ये हा शब्द तीन अर्थांनी चालतो. सुटा भाग जागेवर लावणे. गाडीची उंची मुद्दाम कमी करणे. आणि ‘स्प्रिंग बसली’ म्हणजे थकून दबली, हा दोष. पहिले दोन सकर्मक आहेत, तिसरा अकर्मक. ‘गाडी मागून बसलीय’ ही तक्रार आहे, ‘गाडी मागून बसवलीय’ हे केलेलं काम आहे. बोलताना इतका फरक पुरतो, छापताना पुरत नाही. मी ‘खाली घेणे’ वापरेन: ‘गाडी पुढून चार आणि मागून सहा इंच खाली घेतली.’

आकड्यांच्या बाबतीतही शब्द सांभाळा. पुढचे चार इंच दोन ठिकाणांहून येतात. अडीच इंच ड्रॉप स्पिंडलमधून आणि दीड इंच स्प्रिंगमधून. स्पिंडलमध्ये चाकाचा दांडा वरच्या बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे कंट्रोल आर्मचा (चाकाला चेसीशी जोडणाऱ्या हाताचा) कोन न बदलता गाडी खाली येते. हीच उंची नुसती स्प्रिंग कापून काढली तर आर्म वर झुकतात, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडतो, गाडी प्रत्येक खड्ड्यात बम्पस्टॉपवर (शेवटच्या रबरी अडणीवर) आपटते. आता ‘दीड इंच आखूड स्प्रिंग’ असं लिहिलंत की वाचक पट्टी घेऊन स्प्रिंगच मोजेल. ती गाडीला दीड इंच खाली आणते, स्वतः दीड इंचाने आखूड असेलच असं नाही. ‘दीड इंच उतार देणारी स्प्रिंग’ लिहा.

अनुवादिका
‘खाली घेणे’ पटलं, बदलते. आणि ‘खाच’? तपासणाऱ्यांनी तिथे ‘खोबण’ सुचवलं आहे.

पाचर
खोबण नाहीच. खोबणीत काहीतरी बसून राहतं: डोळा, अंगठीतला खडा. इथे काहीच बसायचं नाही, उलट आस वर येताना त्याला मोकळी जागा मिळावी म्हणून चेसीचा खालचा भाग काढून टाकायचा आहे. ‘खाच’ बरोबर. पण खाच म्हटली की करवतीने घेतलेली टोकदार, व्ही आकाराची आठवते, आणि नेमकं तेच इथे घातक आहे. टोकदार कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ही खाच अर्धगोल असते. मी तिला ‘कोर’ म्हणेन, चंद्रकोरीतली. ‘चेसीला कोर काढणे’.

पुस्तकात क्रम असा आलाय का बघा. चेसीच्या आतून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या आधी बाजूला. मग कोरीचा तयार तुकडा चेसीवर धरून आखणी, तुकड्याचा मध्य आसाच्या नळीच्या मध्यावर. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चेसीखाली घोड्या. एका वेळी एकच बाजू कापायची; दोन्ही बाजू एकदम कापल्या तर चेसी मध्ये झुकते आणि नंतर दारं लागत नाहीत. कापलेली कड कानशीने गुळगुळीत करायची. तुकडा पाव इंच जाडीच्या पोलादाचा. वेल्डिंग करायचं तर एका दमात ओढायचं नाही. इंच-दीड इंचाचे टाके, एक इकडे एक तिकडे, मध्ये थंड होऊ देत.

गुणिया
‘कोर’ सुंदर आहे, पण चेसीच्या भाषेत ‘कोर’ म्हटलं की रेडिएटरचा कोअर ऐकू येतो. त्याच पुस्तकात रेडिएटरचं प्रकरण असेलच.

पाचर
मग ‘चंद्रखाच’. दोन्ही बाजू राहतात.

जुनाजाणता
‘कमान’ का नाही? आकार कमानीचाच आहे.

तेलपाणी
कमान म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, तो शब्द अडकलेला आहे. आणि या गाडीत तो जास्तच गोंधळ करेल. १९६७ ते १९७२ च्या सी-१०ला मागे गुंडाळी स्प्रिंग आणि दोन लांब ट्रेलिंग आर्म (चेसीपासून मागे आसापर्यंत जाणारे दांडे) असत. त्याच बांधणीच्या, जीएमसी नावाने विकल्या जाणाऱ्या जुळ्या ट्रकला सहसा मागे कमानी. गाडी खाली घ्यायची रीत त्यावरच ठरते, म्हणून ‘कमान’ हा शब्द त्या फरकासाठीच राखून ठेवावा.

रायवळ
‘रेस्टोमॉड’वर परत येतो. माझा शब्द आहे ‘कलम’. जुन्या खुंटावर नव्या जातीचा डोळा भरतात, दोन्ही जिवंत राहतात आणि एक झाड होतं. दुरुस्ती, नूतनीकरण, जीर्णोद्धार यांत एकाच वस्तूचं काहीतरी होतं. इथे दोन वेगळ्या वस्तू एकजीव होतात. ‘इंजिन बदललं’ म्हणताना तेच इंजिन नवं आणलं की दुसऱ्याच जातीचं घातलं, ते कळत नाही. ‘इंजिनाचं कलम केलं’ म्हटलं की कळतं. गाडी झाली ‘कलमी पिकअप’.

ओळंबा
‘कलम करणे’ म्हणजे मुंडकं उडवणे हाही अर्थ आहे. आणि हा शब्द अरबीतून आलाय.

रायवळ
मुरलेला आहे. निकष तुमचाच.

गुणिया
मला वेगळीच अडचण दिसते. कलमात खुंट खालचा, जुना, गावठी. फांदी वरची आणि नवी. इथे उलटं आहे. वरचा पत्रा जुना आणि खालचं नवं. मग खुंट कोण?

रायवळ
खुंट म्हणजे चेसी. ती जुनीच राहते, बाकी सगळं तिच्यावर जगतं. आणि कलम का फसतं ते पाहिलंत तर उपमा आणखी घट्ट बसते. सालीला साल मिळाली नाही की डोळा सुकतो. १९९९ पासून ट्रकमध्ये आलेलं ५.३ लिटरचं एलएस जातीचं (शेव्हरोलेच्याच नव्या घराण्यातलं) व्ही-८ इंजिन घ्या. या गाडीत ते लोक सर्रास घालतात, आणि चुका सांध्यावरच होतात:

माउंट जुळत नाहीत, मध्ये अडॅप्टरच्या पट्ट्या लागतात. ट्रकचं मूळ ऑइल पॅन खोल असतं, ते पुढच्या क्रॉसमेंबरवर (चेसीच्या आडव्या दांड्यावर) टेकतं किंवा त्याच्या खाली लोंबतं. उथळ पॅन घ्यायचं तर आतली शोषनळी आणि विंडेज ट्रेही (तेलावरचा आडवा पत्रा) त्याच्याच जोडीचे घ्यायचे, नाहीतर तेल उचललं जात नाही. जुना यांत्रिक पंप कार्ब्युरेटरसाठी ५ ते ७ पीएसआय देतो, या इंजेक्टरना सुमारे ५८ लागतात. जुनी टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे. तिच्यात आडपडदे नाहीत, वळणावर पेट्रोल एका कडेला जातं, पंप हवा ओढतो, इंजिन अडखळतं. म्हणून टाकी हौद्याखाली, चेसीच्या दोन दांड्यांमध्ये नेतात. दोन्ही हेडमधून निघणारी बारीक वाफनळी बरेच जण बुच मारून बंद करतात. ती रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडायलाच हवी, नाहीतर हेडमध्ये वाफ कोंडते आणि तापमानाचा काटा साधा दिसत असतानाही धातू तापतो. इंजिनाच्या संगणकातलं चोरीविरोधी कुलूप काढलं नाही तर इंजिन सुरू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. दोष नसतो, साल जुळलेली नसते.

तेलपाणी
वाफनळीबद्दल शंभर टक्के सहमत. शब्दाबद्दल अजून नाही.

अनुवादिका
‘कलम’ मला आवडतंय, पण कायद्याचं कलम आणि लेखणी आधीच वाचकाच्या डोक्यात असतात. शिवाय एक तिसरा गोंधळ. ‘पिकअप’ म्हणजे गाडी, आणि ‘पिकअप’ म्हणजे वेग घेण्याची ताकद. ‘या पिकअपचा पिकअप वाढवायचा असेल तर’ असं वाक्य खरंच तयार झालंय.

जुनाजाणता
ताकदीसाठी ‘उठाव’ लिहा. ‘गाडीला उठाव नाही’ हे सहज समजतं.

गुणिया
‘उठाव’ म्हणजे बंड, आणि बाजारात ‘मालाला उठाव आहे’. ‘ओढ’ लिहा. ३.७३चा डिफरन्शियल रेशो (मागच्या दातेरी चाकांचं प्रमाण) घातला की ‘ओढ वाढली’. चाक रस्त्याला खेचतं, ते त्या शब्दात दिसतं.

पाचर
वर मी ‘आस’ लिहिलंय, त्यावर अजून कोणी भांडलं नाही याचं आश्चर्य वाटतं. पुस्तकात एक्सलला काय लिहिलंय?

अनुवादिका
‘धुरा’.

पाचर
कृपा करून बदला. धुरा म्हणजे जुवाकडचा, ओढणाऱ्याच्या खांद्यावरचा भाग. म्हणूनच आपण ‘धुरा वाहतो’, ‘धुरा सांभाळतो’. चाकांमधून आरपार जातो तो आस, बैलगाडीत आख. संस्कृत ‘अक्ष’, आणि लॅटिन ‘अक्सिस’ व इंग्रजी ‘एक्सल’ त्याचीच भावंडं. ‘आस’ लिहिलंत तर तुम्ही ‘एक्सल’च लिहिताय, फक्त घरच्या वाटेने आलेला. धुरा या अर्थाने हिंदीच्या ‘धुरी’वरून शिरला असावा असं मला वाटतं.

ओळंबा
हे मात्र शंभर नंबरी. ‘मागचा आस’. आणि चाकाच्या हबला ‘तुंबा’.

तेलपाणी
तुंबा लिहाच, कारण तिथे खरी अडचण आहे. १९७० पर्यंत या गाड्यांना सहा बोल्टांचे तुंबे आणि पुढे ड्रम. १९७१ पासून पुढे डिस्क आणि पाच बोल्ट. नंतरच्या गाडीचे पुढचे डिस्क उचलून आधीच्या गाडीला लावले की पुढे पाच आणि मागे सहा बोल्ट होतात; एकच सुटं चाक दोन्हीकडे चालत नाही. मागचे आसदांडे बदलायचे की पुढे सहा बोल्टांचे रोटर घ्यायचे, हे चाकं घेण्याआधी ठरवावं लागतं.

पाचर
आणि गाडी मागून खाली घेतली की आसही फिरतो, हे पुस्तकात ठळक हवं. ट्रेलिंग आर्म आसाला घट्ट आवळलेले असतात. आस वर सरकला की आर्म कलतो आणि पिनियनचं (आसाला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी दांड्याचं) नाक खाली जातं. गिअरबॉक्सचा मागचा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत: एक तीन अंश खाली झुकला असेल तर दुसरा तीन अंश वर. गाडी चारही चाकांवर, पूर्ण वजनासह उभी असताना मोजायचं. जॅकवर मोजलेला कोन खोटा. चुकला तर वेग वाढला की जमिनीतून घरघर येते आणि लोक विनाकारण चाकं बॅलन्स करत बसतात. उपाय म्हणजे आर्म आणि आस यांच्यामध्ये तिरकी पोलादी चकती. तिला गॅरेजात ‘शिम’ म्हणतात, पण शिम म्हणजे सपाट पातळ पत्रा. तिरकी असेल ती ‘पाचर’.

गुणिया
‘पाचर मारणे’ म्हणजे कामात अडथळा आणणे, त्याचं काय?

पाचर
लाकूडकामात पाचर फोडते तशी घट्टही बसवते. कुऱ्हाडीच्या दांड्याला मारतात ती कोणतीच अडवणूक करत नाही.

अनुवादिका
आत्तापर्यंत घेतलेले: खाली घेणे, चंद्रखाच, आस, तुंबा, पाचर, ओढ. रेस्टोमॉड तसाच लटकलाय. ‘जीर्णोद्धार’ काढते आहे, निदान इंजिनाच्या प्रकरणातून.

ओळंबा
पत्र्याच्या प्रकरणात तरी ठेवा. गंजलेला पत्रा कापून नवा लावणं, केबिनचे कोपरे बांधणं, लांबी (पुट्टी) भरून घासणं, हे जीर्णोद्धारच आहे.

रायवळ
लांबी भरून केलेला जीर्णोद्धार दोन पावसाळे टिकतो. आधी कोपरा आतून कापा, गंज कुठपर्यंत गेलाय ते बघा, मग शब्द ठरवा.

जुनाजाणता
हौद्याच्या मागच्या झडपेला पुस्तकात काय लिहिलंय? ‘फाळका’ लिहिलं असेल तर ठीक. ‘मागचं दार’ लिहिलं असेल तर त्यावर वेगळा धागा काढतो.