पाळकांचे लेखन जमवताना

दिवंगत रेव्हरंडांची, म्हणजे ख्रिस्ती पाळकांची, प्रवचनं, लेख आणि सेवाकार्याच्या वह्या सरळ स्कॅन करत सुटायच्या, असं काहीजण सुचवतात. स्कॅन हवंच, पण आधी गंजलेल्या स्टेपलरच्या पिना काढा. ओढून नव्हे, मागचे पाय सरळ करून. नाहीतर कोपरा हातात येतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा पिवळा डाग जात नाही. छापील मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, फिकट शाईला ६०० आणि तेही रंगीत.

बेळगावात खरा घोळ नोंदींचा. लंडन मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं काम इथं १८२० पासूनचं, पुढे ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. म्हणून त्या मिशनचा जुना पत्रव्यवहार चर्चच्या कपाटात शोधू नका, तो लंडनला सोआस या विद्यापीठीय संस्थेच्या ग्रंथालयात आहे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नवं नाव, शाळेच्या दाखल्यावर जुनं, अशी एका माणसाची दोन माणसं होतात. वडिलांचं नाव नि गाव ताडून पाहा. कानडी नोंदी वाचणारा एकजण सोबत हवाच.

आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यापूर्वीच्या मजकुरातले ते कृपया 'सुधारू' नका. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, ते बरेचदा गाळतं, मूळ पानाशी ताडूनच मुद्रितशोधन करा.