मदत हवी आहे: एच-४ व्हिसावरील बहिणीला नवऱ्याच्या छळातून सोडवताना अमेरिकेतील तिचे वास्तव्य कसे टिकवावे?

नमस्कार. माझी मामेबहीण लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या पत्नीच्या व्हिसावर, न्यू जर्सीला गेली. तिचा नवरा तेथे एच-१बी या कुशल कामगारांच्या तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करतो. तो तिला मारहाण करतो, हातात पैसे ठेवत नाही आणि पोलिसांत गेलीस तर व्हिसा रद्द करून नागपूरला पाठवीन, अशी धमकी देतो. तिचा आणि मुलाचा पासपोर्ट त्याने कपाटात कुलूपबंद करून ठेवला आहे. मूल तेथेच जन्मलेले, म्हणजे अमेरिकेचे नागरिक. नवरा दूध-भाजी आणायला बाहेर पडला की ती फोन करते आणि बोलणे संपताच कॉलची नोंद पुसून टाकते, त्यामुळे सगळी चौकशी आम्हालाच येथून करावी लागत आहे.

प्रतापनगरला मामांच्या घरी रोज नातेवाईक जमतात. निम्मे म्हणतात, तिकीट काढा आणि बोलावून घ्या. उरलेले म्हणतात, तिने जरा सांभाळून घ्यावे. दुसऱ्या सल्ल्याचा विचार करण्याची माझी तयारी नाही, पण पहिलाही वाटतो तितका सरळ नाही, कारण वडिलांच्या संमतीविना मुलाला भारतात आणल्यास तिच्यावरच अपहरणाचा आरोप होऊ शकतो. ‘व्हावा’ या १९९४ च्या कायद्याने पीडित पत्नीला स्वतःच ग्रीन कार्डाकरिता अर्ज करता येतो, असे वाचून आम्हाला हायसे वाटले होते. परंतु त्यासाठी नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो आणि आमचे जावई दोन्ही नाहीत. अशा वेळी गुन्ह्याच्या पीडितांसाठी असलेला यू व्हिसा हाच मार्ग उरतो का? तोवर तिने पोट कसे भरावे? आणि पोलिसांत गेल्याने तिचा व्हिसा खरोखरच जातो का?

प्रतिसाद:

दादा, अशा प्रकरणांत मी दुभाष्याचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. व्हिसा रद्द करण्याचा अधिकार सरकारचा आहे, नवऱ्याचा नाही, आणि केवळ तक्रार केल्याने एच-४ दर्जा संपत नाही. तो संपतो घटस्फोटाचा हुकूम झाला की किंवा नवऱ्याचा स्वतःचा दर्जा गेला की. म्हणून विद्यार्थी व्हिसासारख्या स्वतंत्र दर्जासाठी अर्ज करायचा असेल तर तो हुकूम होण्याआधीच दाखल व्हायला हवा. घटस्फोटाची घाई करणाऱ्या वकिलांना हे बजावून सांगा.

कमाईसाठी आय-७६५व्ही हा अर्ज आहे. छळ झालेल्या एच-४ पत्नीला त्यावर नवऱ्याच्या सहीविना कामाचा परवाना मिळतो, मात्र त्याने वास्तव्याचा नवा दर्जा मिळत नाही. यू व्हिसा २००० च्या कायद्यातून आला आणि कौटुंबिक हिंसा त्यातील गुन्ह्यांच्या यादीत आहे. मेख अशी की, पीडितेने तपासात सहकार्य केले असे पोलीस किंवा सरकारी वकील यांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यावरील सही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतील असावी लागते. मूळ अर्जदारांसाठी वर्षाला १०,००० व्हिसांचीच मर्यादा असल्याने रांग अनेक वर्षांची आहे. व्हिसा मिळाल्यावर तेथे सलग तीन वर्षे राहिल्यास ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. आश्रयाचा मार्ग वेगळा आहे: अमेरिकेत आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि मायदेशात छळाची भीती दाखवावी लागते, त्यामुळे तो येथे फारसा लागू होईल असे मला वाटत नाही.

गुन्हा अमेरिकेत घडलेला असल्याने ती नागपूरला परतली तरी यू व्हिसासाठी अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या रूपाली देवी निकालानुसार, सासर सोडून जेथे आसरा घेतला तेथील, म्हणजे नागपूरच्या पोलिसांतही छळाची तक्रार नोंदवता येते.

तिने आज एवढेच करावे: पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची सरकारी नोंद) आणि लग्नाचा दाखला यांचे फोटो, जखमांच्या तारखेसह छायाचित्रांबरोबर, मामींच्या ईमेलवर पाठवावेत. मूळ पासपोर्ट न मिळाल्यास न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नव्यासाठी अर्ज करता येतो. जिवाला धोका वाटला तर ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. एरवी राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालू असते. फक्त हा फोन तिने नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनमधील मोबाइलवरून करू नये, शेजारणीचा वापरावा.