मदत हवी आहे: प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत

आई जाऊन चार महिने झाले. रोज रात्री तिचं बायबल उघडते, पानांच्या कडेला पेन्सिलीने केलेल्या तिच्या खुणा बघते आणि मिटून ठेवते. भेटायला येणारा प्रत्येक जण योहानाच्या पहिल्या अध्यायातलं वचन सांगतो, प्रकाश अंधारात चमकतो म्हणून. खरं सांगू? आता ते ऐकलं की चीडच येते. त्यापेक्षा बायबलमधलंच ८८वं स्तोत्र जवळचं वाटतं. बाकीची विलापस्तोत्रं बहुधा शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपतं. तरी पहिल्याच ओळीत देवाला हाक आहे, म्हणजे ती प्रार्थनाच ना? तुमच्यापैकी कुणी अशातून गेलंय का? शब्द सुचत नसताना प्रार्थना कशी केलीत, एकट्याने की कुणाला सोबत घेऊन? चर्चच्या पाळकांशी बोलायचं अजून धाडस होत नाही.