कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून इलेक्ट्रिशियन होण्याविषयी

प्रश्न:
आम्ही बे एरियात राहतो. मुलगा यंदा बारावीत आहे आणि चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याऐवजी कम्युनिटी कॉलेजात (कमी शुल्काच्या, दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात) वीजकाम शिकण्याची त्याची मनापासून इच्छा आहे. ओकलंडचे लेनी कॉलेज तो पाहूनही आला. आमचा विरोध नाही. मात्र तिथले प्रमाणपत्र हाती आल्यावर काम मिळते का आणि पुढे स्वतःचा व्यवसाय करता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
ताई, केवळ कॉलेजच्या प्रमाणपत्रावर कॅलिफोर्नियात कोणी इलेक्ट्रिशियन होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. ठेकेदाराकडे जनरल इलेक्ट्रिशियन म्हणून काम करायचे तर राज्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यासाठी प्रत्यक्ष कामाचे ८,००० तास भरावे लागतात. हे तास भरण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे अप्रेंटिसशिप. आयबीईडब्ल्यू ही कामगार संघटना आणि नेका ही ठेकेदारांची संघटना मिळून ती चालवतात. ती साधारण पाच वर्षांची असते, साइटवरच्या कामाला पहिल्या दिवसापासून पगार मिळतो आणि जोडीला वर्गही असतात. प्रवेशासाठी १८ वर्षे पूर्ण, हायस्कूल डिप्लोमा, एक वर्षाचे बीजगणित, त्यानंतर बीजगणित व वाचनाची परीक्षा आणि शेवटी मुलाखत, असा क्रम असतो.

जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असल्यामुळे पहिल्या खेपेस निवड होईलच असे नाही. कॉलेजचा खरा उपयोग इथे होतो, कारण हत्यारे हाताळलेला आणि सुरक्षिततेचे नियम ठाऊक असलेला मुलगा मुलाखतीत ठामपणे बोलू शकतो. राज्यातील रहिवाशांना कॉलेजचे शुल्क प्रति युनिट (अभ्यासक्रमाचा श्रेयांक) ४६ डॉलर आहे आणि प्रथमच पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यांना ते दोन वर्षांपर्यंत माफ होऊ शकते.

उत्तर २:
मी याच कामात आहे. मुलाचे गणित कच्चे राहू देऊ नका, एवढे आग्रहाने सांगते. भिंतीवरचा अडथळा चुकवण्यासाठी तारांची धातूची नळी ३० अंशांत दोनदा वाकवून चार इंच बाजूला न्यायची असेल, तर दोन खुणांमध्ये आठ इंच अंतर ठेवावे लागते, कारण ३० अंशांचा साइन अर्धा असतो. हे ज्याला उमगले, त्याला २२ अंशांचा गुणक, म्हणजे बाजूला न्यायच्या अंतराला ज्याने गुणायचे तो आकडा, नुसता पाठ करावा लागत नाही.

उत्तर ३:
व्यवसायाबद्दल लिहितो. विद्युत ठेकेदाराच्या सी-१० परवान्यासाठी कुशल कारागीर म्हणून चार वर्षांचा अनुभव लागतो. अप्रेंटिसशिप किंवा शिक्षणाबद्दल त्यातील तीन वर्षांपर्यंत सूट मिळू शकते, पण किमान एक वर्ष प्रत्यक्ष काम केलेलेच असावे लागते. कायदा व व्यवसाय आणि वीजकाम अशा दोन परीक्षा असतात आणि २५,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र) द्यावा लागतो.

उत्तर ४:
आपल्या लोकांच्या बाबतीत एक प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा: मुलगा एच-४ व्हिसावर (एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) आहे का? असल्यास त्याला कॉलेजात शिकता येईल. परंतु अप्रेंटिसशिप ही पगारी नोकरी असल्याने वेगळ्या वर्क परमिटशिवाय ती करता येणार नाही, आणि वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ संपतो. तसे असेल तर शुल्क भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. आम्हा सर्वांकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे ती अडचण नाही. तो लेनीत प्रवेश घेईल आणि १८ पूर्ण होताच अप्रेंटिसशिपसाठीही अर्ज करील. तोवर बीजगणिताची उजळणी आजपासून सुरू करतो आहोत.