स्टॅटिक साइटवर सर्च होतो, लॉगिन नाही

स्टॅटिक साइट म्हणजे आधीच तयार केलेली पानं जशीच्या तशी दाखवणारी साइट. तिच्यावर सर्चसाठी डेटाबेस लागतोच असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. गिटहब पेजेससारख्या फुकट होस्टिंगवरही सर्च छान चालतो, पेजफाइंड नावाचं टूल साइट बिल्ड झाल्यावर सगळ्या पानांची सूची तयार करून तिचे छोटे छोटे तुकडे पाडून ठेवतं आणि वाचणाऱ्याचा ब्राउझर फक्त लागणारे तुकडे उतरवून घेतो, म्हणजे शोधायचं काम सर्व्हर करतच नाही. मराठीत मात्र एक अडचण येते, विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, त्यामुळे "शाळा" शोधलं तर "शाळेत", "शाळेला" असलेली पानं सुटू शकतात. मी म्हणून लेखाच्या कीवर्डमध्ये मूळ शब्द हाताने घालते, कंटाळवाणं आहे पण वाचणाऱ्याला लेख सापडायला हवा ना.

पण अशा साइटवर पासवर्डचं पान जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्येच चालणाऱ्या कोडने) करा असंही काहीजण सुचवतात, ते कृपा करून करू नका!! पासवर्ड तपासणारा कोड आणि लपवलेला मजकूर दोन्ही आधीच ब्राउझरमध्ये आलेले असतात, पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडला की सगळं समोर. एपीआय कीचंही (दुसऱ्या सेवेला जोडायच्या गुप्त किल्लीचंही) तेच. सोसायटीच्या सभासदांचे फोन नंबर, थकबाकी वगैरे अशा साइटवर अजिबात टाकू नका, रेपो (साइटच्या फाइल्स ठेवायची गिटहबवरची जागा) प्रायव्हेट असली तरी साधारणपणे त्यातून बनलेली साइट सगळ्यांना उघडीच असते. त्यासाठी खरं लॉगिन असलेली वेगळी सेवाच घ्या, नाहीतर सरळ ईमेलने पाठवा.