दीड वर्षानंतर भूक कमी का होते?
दहा महिन्यांची असताना सगळं खाणारी मुलगी दीड वर्षाची झाल्यावर ताट बघूनच तोंड फिरवते, असं होऊ शकतं. यात बिघडलेलं काही असेलच असं नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. वजन घटत असेल किंवा मूल मलूल वाटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

आमच्या लेकाच्या बाबतीत आमची चूक दुधाची होती. जेवला नाही की लगेच दूध, दुधाने पोट भरलं की पुढचं जेवण बंद. मूल वर्षाचं झाल्यावर दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुरतं. फार जास्त झालं तर लोह कमी पडतं. दूध जेवणानंतर द्यायला लागलो आणि आठवड्याभरात फरक दिसला.

नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही, असं धरू नका. दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. गाजराची शिजवलेली फोड लेकाने चार दिवस नुसती बोटाने चिरडली, पाचव्या दिवशी चाटली, आणि कधीतरी माझ्याच ताटातली उचलून खाल्ली! (स्वतःच्या ताटातली तशीच.) काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्याने. मोबाइल दाखवून भरवणं तेवढं टाळा, पोट भरल्याचं मुलांना कळतच नाही. आणि हो, द्राक्षं अख्खी देऊ नका, उभी चिरून द्या.